आरेतवरची उडी

सेझारीनने ओंडक्यावरचं पोतं डावीकडे ढकललं. पोत्याला दोराने बांधलेल्या तिच्या मुलीने, नोएमीने, उजवीकडे उडी टाकली.

"उशीर झाला," सेझारीन म्हणाली. "तू आधी बघितलंस. बघायचं नाही. पुन्हा चढ."

नोएमी पुन्हा ओंडक्यावर चढली. उद्या तिची गिर्यारोहकांच्या गाइडची परीक्षा होती, तीही गावामागच्या आरेतवर, डोंगराच्या धारेवर. ही धार इतकी निमुळती की दोन पावलं शेजारी मावत नाहीत. तिथे दोरातला सोबती एका अंगाला पडला, की दुसऱ्याने दुसऱ्या अंगाला उडी टाकायची. दोर धारेवर अडकतो, दोघं दोन बाजूंना लोंबकळतात आणि वाचतात. जो विचार करत बसतो तो दोघांनाही घेऊन जातो. गावातली पोरं हे अंगणातल्या ओंडक्यावरच शिकत, आणि सेझारीनसारखी कडक शिकवणारी दुसरी नव्हती. तिच्या अंगणात उशीर करणाऱ्याला रात्री मक्याच्या पिठाचा पोलेंटा कोरडा खावा लागे, वर चीज मिळत नसे.

तिच्या थोरल्याला, ल्युसियाँला, तसा कोरडा घास कधीच खावा लागला नाही. आणि आरेतवर खरी वेळ आली तेव्हाही तो चुकला नाही. त्याचा जोडीदार बाझील डावीकडे घसरला आणि ल्युसियाँने तत्क्षणी उजवीकडे उडी घेतली. दोर टिकला, बाझील वाचला. ल्युसियाँचं डोकं तेवढं कातळावर आपटलं. हे सगळं बाझीलनेच खाली येऊन सांगितलं होतं.

दफनाच्या दिवशी पाद्रीबाबा म्हणाले, आपण धारेला आरेत म्हणतो. जुन्या ग्रीकांकडेही याच वळणाचा एक शब्द होता. जे आपलं काम, ते जराही कसर न ठेवता करणं, असा त्याचा अर्थ. सेझारीनला त्यातलं फारसं कळलं नाही, पण तिने तो शब्द मुलाच्या थडग्यावर कोरून घेतला. दर रविवारी ती त्या अक्षरांवरून बोट फिरवी. पोर गेलं, पण फुकट नाही गेलं, एवढ्या एका गोष्टीवर तिला रात्री झोप लागे.

बाझीलच्या दोरात मग कोणी बांधून घेईना. धारेवरच्या सपाट जागी घसरला, म्हणून लोक त्याला घसऱ्या म्हणू लागले. तो डेअरीत दुधाचे कॅन उचलायला लागला. टोमण्यांना त्याने कधी उत्तर दिलं नाही.

आज मात्र तो फाटक उघडून आत आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. तो दिसला की सेझारीन तोंड फिरवी. पोरगा वाईट नव्हता, हे तिला ठाऊक होतं. पण हा जिवंत होता.

"काकू, नोएमीला हे नका शिकवू," तो म्हणाला. "आधी बघ, मग उडी टाक, असं सांगा तिला."

"वा रे वा. स्वतः पडला तो पडला, आता लोकांना चालायला शिकवतोय."

"परीक्षेतला तिचा जोडीदार दुसऱ्या खोऱ्यातला आहे. त्याच्या सवयी तिला माहीत नाहीत. एकदा नुसती मान वळवू दे तिला."

"मान वळवेपर्यंत तो दरीत गेलेला असेल, आणि त्याच्यामागून माझी पोर." सेझारीनने पोतं उचलून पुन्हा ओंडक्यावर ठेवलं. "माझा ल्युसियाँ बघत बसला असता, तर तू आज कॅन उचलायला उरला असतास का? बोल ना."

बाझील नोएमीकडे वळला. तू तरी ऐक, म्हणाला. तिने दोराची गाठ आवळली आणि आई सांगेल तसंच करीन, म्हणून सांगितलं. आपल्या भावाने जे केलं त्याहून कमी आपल्याला करायचं नाही, असंही म्हणाली.

तो फाटकाकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. सेझारीनने त्याच्याकडे दुर्लक्ष करून पोत्याला हात लावला.

मग तो परत आला. त्याने टोपी काढली आणि तिचा तो हात धरला.

"काकू, मी पडलो नव्हतो," तो म्हणाला. "माझा हातमोजा पायाशी पडला होता. तो घ्यायला मी डावीकडे नुसता वाकलो होतो."