हलकी रॅकेट

हाही फोरहँड थेट कोर्टामागच्या तारेच्या जाळीवर आदळला, तेव्हा नाडकर्णींचं डोकं फिरलं. "रॅकेट आहे की पापड भाजायचा चिमटा? तुझा चेंडू आला की नुसती थरथरते!"

"बाबा, कोपर दुखतंय ना? मग डॉक्टरांनी सांगितलीय तीच वापरायची," नेटपलीकडून आभा म्हणाली. वजन वाढवायला त्यांनी रॅकेटला चिकटवलेल्या शिशाच्या पट्ट्या तिनेच सकाळी खरवडून काढल्या होत्या. उभी हयात क्लब गाजवलेल्या माणसाने या खेळण्याने खेळायचं? चरफडतच त्यांनी पुढचा चेंडू मारला.

तो बेसलाइनच्या आत पडला. त्यानंतरचाही. रॅकेट थरथरेना, हातात फिरेना. "जमली एकदाची!" ते ओरडले.

"मस्त, बाबा!" म्हणत आभाने पुन्हा चेंडू दिला. सावकाश, बरोबर पुढ्यात, कमरेच्या उंचीवर.

नाडकर्णींनी तो मारलाच नाही. चेंडू ओळखीचा होता. आभा सात वर्षांची असताना, ती हिरमुसू नये म्हणून, ते तिला अस्साच द्यायचे.