बिनगिलाव्याची बाजू

"झेंडूच पाह्यजे," कस्तुराबाई तिसऱ्यांदा म्हणाली.

नर्सरीवाल्या मुंजाजीनं झारी खाली ठेवली. हिरव्या जाळीखाली त्याची सगळी रोपं मांडलेली होती आणि त्यातलं एकही या बाईला पसंत पडत नव्हतं. झेंडू लावणार तिथं ऊन किती येतं, असं त्यानं विचारलं. येतच नाही, असं सून सविता हळूच म्हणाली. मागं दुमजली घर, पुढं भिंत. चार वर्षं झेंडू लावतो, नुसता उंच वाढतो, फुलाचं नाव नाही.

"मग सावलीतलं काही न्या, मावशी. झेंडू हट्टानं येत नसतो."

"हट्टानं काय येतं अन् काय न्हाई, ते मला नको शिकवू. दाखव काय हाय ते."

त्यानं अबोली दाखवली. ते नाव कस्तुराबाईनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. तेरडा दाखवला, तर तीन दिवसांचा रंग दारात कशाला, म्हणून नाक मुरडलं. रंगीत पानांच्या कुंड्या पुढं केल्या, तेव्हा महालक्ष्म्यांना पाला वाहू का, असं विचारलं.

मुंजाजीही कमी नव्हता. "एवढी उंच भिंत बांधली कुणी? शेजाऱ्यानं का?"

सविता खाली बघायला लागली.

"आमीच बांधली," कस्तुराबाई म्हणाली.

पलीकडं धाकटी जाऊ, कुसुमबाई. आधी मधली भिंत कंबरेइतकी होती. झेंडू थोरलीच्या अंगणात फुलायचा आणि महालक्ष्म्यांचे हार धाकटी ओवायची, कारण थोरलीचे हार सैल सुटायचे. चार वर्षांखाली सणाच्या सकाळी झाडं रिकामी दिसली. कस्तुराबाईनं गल्लीला ऐकू जाईल असं जावेला चोर म्हटलं. दुपारी भिंतीवरून ताट आलं, ताटात दोन हार. आदल्या रात्री थोरलीच्या अंगात ताप होता, तिला उठवायला नको म्हणून धाकटीनं एकटीनंच फुलं तोडून नेली होती.

तोंडातून गेलेलं माघारी घ्यायची कस्तुराबाईला सवय नव्हती. तिनं गवंडी बोलावला. भिंत दोन पुरुष उंच गेली. आपल्या बाजूनं गुळगुळीत गिलावा केला आणि जावेच्या बाजूच्या विटा उघड्याच ठेवल्या. रोज दिसाव्यात म्हणून.

महिन्यापूर्वी कुसुमबाईला लकवा मारला. सविता सासूच्या नकळत जाऊन यायची, आणि ते सासूला ठाऊक होतं. काल भाकरी थापता थापता सविता एवढंच बोलली, की त्यांची खाट खिडकीशी टाकली आहे, पण खिडकीतून नुसत्या विटा दिसतात.  आज सकाळी कस्तुराबाई उठली आणि म्हणाली, चल, मानवतला नर्सरीत जाऊन येऊ.

जाळीच्या कोपऱ्यात काठीला गुंडाळलेली एक वेल होती. कस्तुराबाईनं तिच्याकडं बोट केलं.

"मधुमालती हाय," मुंजाजी म्हणाला. "मूळ सावलीत चालतं, भिंतही चढंल. पर आधीच सांगतो, मावशी. ही उन्हाकडं पळती. तुमच्याकडं नुसती पानं राहतील अन् फुलांचे घोस समदे भिंतीच्या पल्याड लोंबतील. तुमाला एक दिसायचं न्हाई, मग मला शिव्या देताल."

"पल्याड कवा जाईल?"

मुंजाजीनं भिंतीची उंची विचारली, मनाशी हिशेब केला. "यंदाच्या पावसाळ्यात निम्मी चढंल. फुलं पुढच्या पावसाळ्यात."

कस्तुराबाईनं वेल बुडापासून शेंड्यापर्यंत न्याहाळली. 

"हिच्याहून उंच न्हाई का?"

मुंजाजीनं मागून एक आणली, पुरुषभर उंचीची. किती द्यायचे, ते कस्तुराबाईनं विचारलंही नाही. सवितानं पैसे दिले.

ऑटोत वेल उभी मावेना. मग पिशवी सवितानं मांडीवर घेतली आणि वेल आडवी करून शेंडा सासूच्या हातात दिला. ऑटो गावाच्या वाटेला लागला.

"आत्याबाई," सविता म्हणाली, "धाकल्या आत्याबाईच्या दारापर्यंत धा पावलं हायत."

कस्तुराबाईनं शेंड्यावर ओंजळ धरली, वारा लागू नये अशी.

"त्याला म्हण ऑटो हळू चालव," ती म्हणाली. "शेंडा मोडला तर अजून एक पावसाळा जाईल."