माझ्या वाटचं पाणी

“पुरे! सकाळपासून चौथा आहे हा,” म्हणत आईने माझ्या ओठांना लावलेला तांब्या हिसकावला. माझ्या वडिलांचं, भाऊंचं, डायलिसिस सुरू झाल्यापासून आमच्या कोपरीच्या घरात पाण्यावर तिचाच पहारा. त्यांना दिवसाला सातशे मिली, तेही लाल नेलपॉलिशच्या खुणा केलेल्या बाटलीतून. आणि आता तोच, किडन्यांत पाण्याच्या गाठी होण्याचा आजार मला निघालाय. “अगं, माझ्या किडन्या अजून चालतायत. शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन त्यांतल्या गाठी वाढवतं, म्हणून ते गोळीने अडवलंय. प्यायलेलं सगळं वाहून जातंय. नाही प्यायलो तर आडवा होईन!” “ह्यांच्या फुफ्फुसांत पाणी भरलं होतं, विसरलास?” आई तांब्या सोडेना. माझी जीभ टाळूला चिकटली, डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात भाऊ खुर्चीतून उठले. जेवणानंतरसाठी जपून ठेवलेली आपली बाटली त्यांनी माझ्या हातात कोंबली. “पी रे. माझ्या वाटचंही पी.”