पहिला भिडू

“कॅरम बोर्डाला बाक आलाय,” ग्रंथपाल म्हणाले. “सुताराकडे दिलाय. काही दिवस खेळ बंदच समजा.”

कंपाउंडर जिन्यात उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, केसांवरून नुकताच फिरवलेला कंगवा. खेळायलाच निघाले होते. “हात्तिच्या,” ते म्हणाले. “लाकूडच ते, होतं असं. आला की हाक मारा.” आणि आल्या पावली परत फिरले.

बोर्डाला काहीही झालं नव्हतं. तो त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर मुकादमांच्या बैठकीच्या खोलीत मांडलेला होता आणि तिघंजण ग्रंथपालांची वाट बघत होते.

बायको गेल्यावर ग्रंथपाल मुलाकडे राहायला आले, ते या अनोळखी गावात. मुलगा आणि सून सकाळी कामावर जात, ते दिवेलागणीला परतत. जिन्यात कुणी भेटलं तर मान हलवून पुढे जाई. जन्मभर वाचनालयात लोकांना ‘हळू बोला’ म्हणून दटावलेल्या माणसाशी आता बोलायलाच कुणी उरलं नव्हतं. शेवटी त्यांनी सामानातून जुना कॅरम बोर्ड काढला, इमारतीच्या तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत मांडला आणि दार सताड उघडं टाकून बसले. कुणीतरी डोकावेल, असं त्यांना वाटलं होतं. कितीतरी संध्याकाळी गेल्या. कुणी डोकावलं नाही.

मग एके दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे कंपाउंडर आले. दारात जरा घुटमळले, समोर येऊन बसले आणि म्हणाले, “मला फारसं येत नाही. पण भिडू म्हणून चालेन ना?” दोघं खेळताना दिसले म्हणून शिंपी थांबला. शिंप्यामागून वायरमन आला. हसण्याचे आवाज ऐकून मुकादम खाली उतरले. बघता बघता अड्डा जमला. लोक ग्रंथपालांना जिन्यात हाक मारू लागले.

कंपाउंडरांचा उजवा हात थरथरायचा. नेम धरला की बोटं लटपटत आणि स्ट्रायकर भलतीकडेच जाई. “आमचा स्ट्रायकर हवा खायला गेला,” ते म्हणत. सगळे हसत. पुन्हा पाळी येईपर्यंत ते तो हात मांडीखाली दाबून ठेवत. पण हसून तरी किती दिवस निभावणार? मुकादमांची हयात रस्त्याच्या कामावर माणसं हाकण्यात गेलेली. हरणं त्यांच्या पचनी पडत नसे. एका संध्याकाळी कंपाउंडरांनी हातातोंडाशी आलेला डाव घालवला, आणि ते गेल्यावर मुकादम म्हणाले, “उद्यापासून माझ्याकडे मांडू. आपण चौघंच. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा, बोर्ड तुमचा आहे.”

शिंपी खाली मान घालून पावडर पुसत राहिला. ग्रंथपालांना नाही म्हणता आलं असतं. पण त्या रिकाम्या संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी होकार भरला.

मुकादमांकडे खेळ चांगला रंगू लागला. ग्रंथपाल जिंकूही लागले. पण वर जाताना दुसऱ्या मजल्यावर त्यांची पावलं आपोआप चोरटी होत. या वयात चपला हातात घेऊन जिना चढायचा, हे त्यांचं त्यांनाच कसंनुसं वाटे. एकदा कंपाउंडर समोर आलेच.

“सुतार काय म्हणतो?”

“चालढकल करतोय.”

“सुतारच तो,” कंपाउंडर हसले.

पुढे त्यांनी विचारणंच सोडलं. भेटले की नुसतं “बरंय ना?” म्हणत. ग्रंथपालांना आपल्या खोट्यापेक्षा त्यांचं हे न विचारणं जास्त लागलं. पानातलं जेवण तसंच राहू लागलं. सुनेने विचारलं, “बाबा, बरं नाही का वाटत?” ते म्हणाले, “बरं आहे.” हे आणखी एक खोटं.

एका संध्याकाळी, डाव ऐन भरात असताना, ते उठले आणि सोंगट्या डब्यात भरू लागले.

“अहो, क्वीन बाकी आहे,” शिंपी म्हणाला.

“बोर्ड खाली नेतोय. ज्याला यायचं त्याने खाली यावं.”

कसाबसा बोर्ड सावरत ग्रंथपाल दुसऱ्या मजल्यावर उतरले आणि त्यांनी बेल वाजवली.

दार कंपाउंडरांच्या बायकोने उघडलं. “हे औषध आणायला गेलेत. या ना भाऊ, बसा.” तिची नजर बोर्डावर गेली. “झाला वाटतं दुरुस्त.”

“वहिनी, तो बिघडलाच नव्हता.” उंबऱ्यात उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगून टाकलं. “त्यांचा हात थरथरतो म्हणून आम्ही त्यांना वगळलं. आणि खोटं मी बोललो.”

“त्यांना ठाऊक आहे,” ती शांतपणे म्हणाली. “मुकादमांची बैठक आमच्या डोक्यावरच आहे. सोंगट्यांचा आवाज येतो.”

ग्रंथपालांची मान खाली गेली. “मग मला काही बोलले का नाहीत?”

“वाईट वाटलं त्यांना. मग म्हणाले, जाऊ दे, त्या माणसाचा जम बसला ना.” तिने बोर्डाची एक बाजू धरली. “भाऊ, हात असा झाल्यापासून हे कुणाकडे जातच नव्हते. सख्ख्या भाचीच्या लग्नात जेवले नाहीत, चारचौघांत घास सांडेल म्हणून. औषध आणायला जाता-येता तुम्ही खाली एकटे बसलेले यांना दिसायचात. एक दिवस कपाटातून चांगला शर्ट काढला. मी म्हटलं, अहो, तिथे हात लपवता यायचा नाही. तर म्हणाले, ‘तो माणूस दार उघडं टाकून बसलाय आणि कुणी आत जात नाही. दिसला हात तर दिसू दे.’”