चुटकीचं माप

सगुणाबाईंनी चुटकी वाजवली. समोरच्या कपाटाकडून काहीच परत आलं नाही, म्हणून त्या पुढे गेल्या आणि कपाळ आपटलं.

त्या जन्मांध होत्या. तीस वर्षं या घरात त्या चुटकीच्या घुमाऱ्यावर वाट काढत होत्या. काल त्यांच्या नवऱ्याने, दत्तोबांनी, गाणं ऐकायला नवं यंत्र बसवून घेतलं. भिंतीवर आदळलेला आवाज ते जागच्या जागी पुसून टाकायचं, मग तो गाण्याचा असो की माणसाचा.

“गाणारा अगदी पुढ्यात बसल्यासारखा वाटतो गं!” दत्तोबा म्हणाले. “तू आपली माझा हात धरून चाल.”

“हात नको. मला माझ्या भिंती पाहिजेत. बोलवा त्या पोरीला.”

यंत्र बसवणारी रेश्मा आली. “मावशी, आवाजाची मापं बरोबर आहेत. माइक काकांच्या खुर्चीत, कानाच्या उंचीवर ठेवला होता.”

“घर काय खुर्चीएवढंच आहे? आण तो इकडे.”

माइक हातात धरून सगुणाबाई खाटेपासून निघाल्या. पावलापावलाला थांबून चुटकी वाजवायच्या. “घे माप. हा आवाज पुसायचा नाही, सांग त्याला.” ओट्यापर्यंत एकोणीस मापं झाली.

रेश्मा गेल्यावर दत्तोबांनी गाणं लावलं. गाणारा पुन्हा पुढ्यात बसला. सगुणाबाईंनी चुटकी वाजवली, तेव्हा कपाटाने ओ दिली. त्याला वळसा घालून त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

“मी येऊ का कप घ्यायला?” दत्तोबांनी विचारलं.

“बसा तिथंच. तुमचं माप खुर्चीचंच आहे.”