रडायची जागा

पहिल्याच खेळाला दिग्दर्शक बायकोला घेऊन शेवटच्या रांगेत बसला. लोक कुठे रडतात ते त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. नायक त्याने थेट स्वतःवरूनच बेतला होता. पडद्यावर नायकाची बायको टेबलावर घराची किल्ली ठेवून निघून गेली, नायक ढसाढसा रडू लागला आणि थिएटरात टाळ्यांचा कडकडाट झाला!

"सुटली गं बाई एकदाची!" पुढच्या रांगेतली एक मावशी ओरडली. "दोन तास नुसता खेकसतोय मेला तिच्यावर!"

दिग्दर्शकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दगड आहेत लेकाचे! ह्यांना माणसाचं दुःख कळतं का? आणि तू काय तोंड शिवून बसलीस?" असं खेकसत तो बायकोकडे वळला.

 

शेजारच्या खुर्चीवर घराची किल्ली होती.