पहिलं उत्तर चाळीसाठी

सीतारामकाका मोजून बोलणारे. चहा गोड झाला का, हेसुद्धा कधी दुसऱ्यांदा विचारणार नाहीत. पण टांझानियाचा जोसेफत आजारी भावाला घेऊन परळला आला आणि त्यांच्या मुलाच्या, विकासच्या, रिकाम्या पोटमाळ्यावर राहू लागला, तेव्हापासून काकांची रीतच बदलली. रोज सकाळी गॅलरीत ते विचारत, "कसा आहेस रे?"

"मस्त, काका!" वर्षभरात तो चाळीची मराठी शिकला होता.

"बरं. आता सांग, कसा आहेस?"

आतून कांताकाकू करवादत, "अहो, मस्त म्हणाला ना तो? पोलीस चौकशी आहे का?"

"पहिलं उत्तर चाळीसाठी असतं गं."

जोसेफत हसे. "आमच्या गावात पण, काका. पुरुषाने 'छान'च म्हणायचं. घर जळत असलं तरी."

भाऊ गेला, त्यानंतरच्या सोमवारीही तो 'मस्त'च म्हणाला. काकांनी पुन्हा विचारलं. जोसेफत कठडा धरून खाली बसला.

"जगावंसं वाटत नाही, काका."

काका शेजारी फरशीवर बसले. त्याचा हात धरला, तो सोडला नाही. "आज मी कुठे जात नाही. तूही जायचं नाहीस. बोल."

आत काकूंनी चहा टाकला आणि सहा वर्षं फळीवर पालथा असलेला विकासचा कप खाली काढला. आत्महत्या केली त्या दिवशी सकाळी तोही याच गॅलरीत 'मस्त' म्हणाला होता. त्याला काकांनी एकदाच विचारलं होतं.